प्रौढांमधील अवधान-न्यूनता विकार आणि उत्तेजक औषधांच्या व्यसनाचा धोका

प्रौढांमधील अवधान-न्यूनता अतिचंचलता विकार (संक्षेप : एडीएचडी) हा बालपणी सुरू होऊन प्रौढ वयातही टिकून राहणारा, मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकवणे, कामाची आखणी करणे, वेळेचे भान राखणे आणि मनातील ऊर्मी आवरणे या गोष्टींत अशा व्यक्तीला सातत्याने अडचण येते. या विकारावर मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामीन वर्गातील उत्तेजक औषधे परिणामकारक ठरली आहेत. परंतु याच औषधांचे व्यसन लागू शकते, म्हणून जगभर त्यांच्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. व्यसनाचा हा धोका औषधाची मात्रा, ते शरीरात पोहोचण्याचा वेग आणि घेण्यामागील हेतू यांवर अवलंबून असतो. दुसरीकडे, उपचार न झालेला विकार स्वतःच तंबाखू, दारू व अन्य व्यसनांची शक्यता वाढवतो. त्यामुळे औषध देण्याचा निर्णय घेताना या दोन्ही धोक्यांचा एकत्र विचार करावा लागतो.

स्वरूप आणि लक्षणे

लहान मुलांतील अतिचंचलता सहज नजरेस येते. वर्गात जागेवर न बसणारे, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणारे मूल शिक्षकांच्या लगेच लक्षात येते. वय वाढते तशी ही शारीरिक धावपळ कमी होते आणि तिची जागा आतली अस्वस्थता घेते. प्रौढ व्यक्ती खुर्चीवर शांत बसलेली दिसते, पण तिचे मन एका विषयावर ठरत नाही. हाती घेतलेली कामे अर्धवट राहतात. अर्जाची शेवटची तारीख ठाऊक असूनही चुकते. दुचाकीची किल्ली, पावत्या, चष्मा रोज शोधावे लागतात. बोलणाऱ्याला मध्येच तोडले जाते, रागाच्या भरात नोकरी सोडली जाते, हिशेब न करता खरेदी होते. मनापासून आवडलेल्या कामात मात्र हीच व्यक्ती तासन्‌तास गढून जाते. त्यामुळे घरच्यांना ‘मनात आणले तर जमते की’ असे वाटते आणि विकाराऐवजी स्वभावाला दोष दिला जातो. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, आरंभशूर असे अनेक शब्द मराठीत अशा माणसांसाठी रूढ आहेत. त्यांपैकी एकही शब्द आजार सुचवत नाही, सगळे स्वभावदोषच सुचवतात.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (डीएसएम-५, २०१३) अवधान-न्यूनतेची ९ आणि अतिचंचलता व उतावीळपणाची ९ लक्षणे दिली आहेत. यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान ६ लक्षणे मुलांत आढळावी लागतात. १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी ही संख्या ५ आहे. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत आणि घर, शाळा, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास होत असावा, अशाही अटी आहेत. बाराव्या वर्षापूर्वीची अट महत्त्वाची आहे. चाळिशीत कामाचा ताण वाढल्यावर प्रथमच लक्ष उडू लागले, तर त्याचे कारण बहुधा दुसरे असते. नैराश्य, चिंता, अपुरी झोप, घोरण्यासह झोपेत श्वास अडखळणे, थायरॉईडचे दोष आणि दारूचे सेवन यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात.

जगभरातील अभ्यासांनुसार हा विकार सुमारे ५ टक्के मुलांत आणि सुमारे २.५ ते ३ टक्के प्रौढांत आढळतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के असल्याचे दिसून आले आहे. मुलाचे निदान होत असताना वडिलांना किंवा आईला स्वतःचेच बालपण आठवावे, हा म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञांच्या नित्याच्या अनुभवाचा भाग आहे. मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपण अधिक असल्याने त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही.

इतिहास

लक्ष न टिकण्याच्या व्याधीचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ मध्ये केले. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मधील व्याख्यानांत अशा मुलांची उदाहरणे मांडली. उपचाराचा शोध मात्र योगायोगाने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या एका मानसोपचार संस्थेत काम करत होते. तपासणीनंतर मुलांना होणारी डोकेदुखी कमी व्हावी म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन हे अ‍ॅम्फेटामीन दिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही, पण अनेक मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. ३० मुलांवरील ही निरीक्षणे त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केली.

मेथिलफेनिडेट हे संयुग स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझॉन यांनी १९४४ मध्ये तयार केले. रिटालिन हे त्याचे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या ‘रिटा’ या नावावरून पडले; ते १९५४ मध्ये बाजारात आले.

याच काळात उत्तेजकांची दुसरी बाजूही समोर आली. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांच्या सैन्यांनी जवानांना जागे ठेवण्यासाठी अ‍ॅम्फेटामीन वर्गातील गोळ्या वापरल्या. युद्ध संपल्यावर जपानमध्ये मेथअ‍ॅम्फेटामीनचे व्यसन इतके पसरले की १९५१ मध्ये तेथे स्वतंत्र उत्तेजक नियंत्रण कायदा करावा लागला. त्याच जपानमध्ये पुढे रिटालिन हे नैराश्यावरही दिले जात असे. गैरवापर वाढल्याने २००७ मध्ये ती परवानगी काढून घेण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनःप्रभावी पदार्थविषयक करारात मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामीन या दोहोंचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. वैद्यकीय उपयोग मान्य, पण दुरुपयोगाची शक्यता मोठी, अशा पदार्थांची ही यादी आहे.

हा विकार बालपणापुरताच असतो, ही समजूत दीर्घकाळ कायम होती. निदानपुस्तिकेच्या १९६८ च्या आवृत्तीत त्याच्या नावातच ‘बालपण’ हा शब्द होता. १९७० च्या दशकात पॉल वेंडर यांच्यासारख्या संशोधकांनी प्रौढ रुग्णांकडे लक्ष वेधले. ‘अवधान-न्यूनता’ हा शब्द १९८० च्या आवृत्तीत आला आणि त्याला ‘अतिचंचलता’ची जोड १९८७ मध्ये मिळाली.

औषधाचे कार्य

मेंदूतील पेशी एकमेकींशी संपर्क साधताना डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायने सोडतात. काम झाल्यावर ही रसायने पेशींत परत शोषली जातात. मेथिलफेनिडेट हे शोषण अडवते, म्हणून दोन पेशींमधील जागेत डोपामीन अधिक काळ राहते. अ‍ॅम्फेटामीन याशिवाय पेशीतून जादा डोपामीन बाहेरही काढते. योग्य मात्रेत याचा परिणाम म्हणून हातातील काम पुरेसे महत्त्वाचे वाटू लागते आणि आजूबाजूचा गोंगाट मागे पडतो.

कोकेन हा अमली पदार्थही डोपामीनचे परतशोषणच अडवतो. मग एक औषध आणि दुसरे विष का, या प्रश्नाचे उत्तर १९९० च्या दशकात नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मेंदूच्या प्रतिमा घेऊन शोधले. शिरेतून दिलेले कोकेन चार ते सहा मिनिटांत आणि शिरेतूनच दिलेले मेथिलफेनिडेट आठ ते दहा मिनिटांत मेंदूत शिखरावर पोहोचते. दोन्हींमुळे ‘चढल्याची’ भावना येते. तेच मेथिलफेनिडेट तोंडाने घेतले, तर शिखर गाठायला सुमारे एक तास लागतो. नेहमीच्या मात्रेत तेही निम्म्याहून अधिक डोपामीन-वाहक अडवते, तरीही बहुतेकांना धुंदी जाणवत नाही. मेंदूला धुंदी देतो तो डोपामीनच्या वाढीचा वेग. गोळी कुटून नाकाने ओढणे किंवा पाण्यात विरघळवून टोचून घेणे हे गोळी गिळण्यापेक्षा किती तरी अधिक घातक का, हे यावरून स्पष्ट होते. दिवसभर हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या याच तत्त्वावर बनवल्या आहेत. त्यांपैकी काही सहजासहजी कुटता येणार नाहीत अशाही असतात.

व्यसनाचा धोका

औषधाची सवय होणे आणि त्याचे व्यसन लागणे यांत फरक केला जातो. नियमित औषध घेणाऱ्या व्यक्तीने ते एकदम थांबवले, तर काही दिवस थकवा, जास्त झोप, भूक आणि उदासपणा जाणवू शकतो. यालाच व्यसन म्हणता येत नाही. ठरल्यापेक्षा अधिक गोळ्या घेणे, महिन्याच्या गोळ्या आधीच संपवणे, एकाच वेळी दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेणे, औषध मिळवण्यासाठी खोटे बोलणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे ही व्यसनाची चिन्हे आहेत. अतिसेवनाने झोप उडते, वजन घटते, रक्तदाब व नाडीचा वेग वाढतो, संशयीपणा येतो आणि काहींना भास होऊ लागतात.

आकडेवारीसाठी प्रामुख्याने अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण ही औषधे तेथे सर्वाधिक प्रमाणात लिहून दिली जातात. २०१५-१६ मधील तेथील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वर्षभरात ६.६ टक्के प्रौढांनी डॉक्टरी उत्तेजके घेतली होती. एकूण प्रौढांपैकी १.९ टक्के लोकांनी त्यांचा गैरवापर केला, पण त्यांना व्यसन नव्हते. व्यसनाच्या पातळीवर पोहोचलेले ०.२ टक्के होते. गैरवापर करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलेले कारण नशा नव्हते. त्यांना अधिक जागे राहायचे होते, अभ्यासात किंवा कामात लक्ष वाढवायचे होते. गोळ्याही बहुतेकांना मित्र किंवा नातलगांकडून मिळालेल्या होत्या. एकाला लिहून दिलेली गोळी दुसऱ्याच्या हाती जाणे, हा म्हणूनच या औषधांचा सर्वांत सामान्य दुरुपयोग ठरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये या औषधांच्या वेष्टनावरील ठळक इशारा अद्ययावत करून त्यात या गोष्टीवर विशेष भर दिला.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्या रुग्णांचे चित्र वेगळे आहे. बालपणी उत्तेजके घेतलेल्यांना पुढे व्यसने कमी लागतात, असा निष्कर्ष २००३ मधील एका संकलित अभ्यासाने काढला होता. त्याहून मोठ्या २०१३ मधील संकलनात अशा उपचाराने व्यसनाची शक्यता वाढत नाही आणि घटतही नाही, असे दिसले. अमेरिकेतील सुमारे ३० लाख रुग्णांच्या विमानोंदींवर आधारित २०१७ मधील अभ्यासात मात्र, औषध चालू असलेल्या महिन्यांत व्यसनाशी संबंधित रुग्णालय-भेटी पुरुषांत ३५ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ३१ टक्क्यांनी कमी आढळल्या. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. ज्यांचे आयुष्य काहीसे स्थिर असते तेच नियमित औषध घेतात, हा आक्षेप त्यांवर घेता येतो. तथापि, नीट निदान करून दिलेल्या औषधाने व्यसन वाढते, या लोकसमजुतीला या अभ्यासांतून आधार मिळत नाही.

काही रुग्णांबाबत धोका निश्चितच अधिक असतो. पूर्वी अमली पदार्थांचे व्यसन असलेल्या, घरात व्यसनाधीन व्यक्ती असलेल्या, तसेच द्विध्रुवीय विकार किंवा छिन्नमनस्कतेचा इतिहास असलेल्या व्यक्तींना ही औषधे फार विचारपूर्वक दिली जातात. १३ ते २५ या वयोगटातील रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात उत्तेजक घेणाऱ्या सुमारे ६६० जणांमागे एकाला मनोविकृतीची लक्षणे आढळली; अ‍ॅम्फेटामीनवर हे प्रमाण मेथिलफेनिडेटच्या जवळपास दुप्पट होते. हृदयविकार व उच्च रक्तदाब असलेल्यांनाही विशेष तपासणी लागते. औषध चालू असताना दारू पिणे धोक्याचे आहे, कारण उत्तेजकामुळे नशेची जाणीव दबते आणि माणूस अधिक पितो.

उपचार न झालेला विकार आणि व्यसने

व्यसनमुक्तीसाठी आलेल्या रुग्णांची तपासणी केली असता त्यांतील सुमारे २३ टक्के व्यक्तींना अवधान-न्यूनता विकार असल्याचे आंतरराष्ट्रीय संकलित अभ्यासातून दिसून आले आहे. सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणाच्या हे कित्येक पट आहे. उतावीळपणा हे त्याचे एक कारण आहे. दुसरे म्हणजे, अनेक जण नकळत स्वतःवरच उपचार करत असतात. निकोटीन हेही सौम्य उत्तेजक आहे. त्याने काही मिनिटे लक्ष एकवटते. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, पूर्व विदर्भातील खर्रा किंवा दिवसाला दहा-बारा कप चहा यांमागे प्रत्येक वेळी हा विकार असतो असे मुळीच नाही. परंतु विकार असलेल्या व्यक्तींत तंबाखू लवकर सुरू होते आणि ती सोडणे अधिक कठीण जाते, हे अभ्यासांतून दिसले आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांतील बहुसंख्य धूररहित तंबाखू वापरणारे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

उत्तेजक गोळीला ‘नशेची गोळी’ म्हणून नकार देणारे कुटुंब तंबाखूच्या पुडीकडे मात्र सवय म्हणून पाहते. वैद्यकीय दृष्टीने हा न्याय उलटा आहे.

भारतातील कायदा आणि उपलब्धता

भारतात मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामीन हे पदार्थ अमली औषधे व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) खाली येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील अनुसूची ‘एक्स’मध्येही त्यांचा समावेश आहे. या अनुसूचीतील औषध विकण्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, त्यांपैकी एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते आणि साठा कुलूपबंद ठेवावा लागतो. परिणामी, प्रत्येक मेडिकल दुकानात हे औषध मिळत नाही. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी अ‍ॅम्फेटामीन क्षारांची मिश्र गोळी भारतीय बाजारात नाही. येथे उत्तेजकांपैकी मुख्यतः मेथिलफेनिडेट आणि उत्तेजक नसलेल्या औषधांपैकी अ‍ॅटोमॉक्सेटिन वापरले जाते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील ०.१८ टक्के भारतीय अ‍ॅम्फेटामीन प्रकारची उत्तेजके वापरत होते. दारूचे प्रमाण १४.६ टक्के होते. महाराष्ट्रातील पोलिसांच्या कारवायांत ‘एमडी’ या नावाने येणारे मेफेड्रोन हे बेकायदा बनवलेले उत्तेजक असून २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आणले गेले. मेथिलफेनिडेटशी त्याचा घोटाळा करू नये.

औषधाच्याच गैरवापराचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण वेगळे आहे. मेफेन्टरमीन हे अ‍ॅम्फेटामीनच्या जवळचे इंजेक्शन शस्त्रक्रियेवेळी भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरतात. व्यायामशाळांतील तरुण दम वाढावा म्हणून ते टोचून घेतात. पुण्यासह काही शहरांत त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाया केल्या आहेत. शिरेतून झपाट्याने मेंदूत पोहोचणारे औषध, डॉक्टरांची देखरेख नाही आणि हेतू उपचाराचा नाही, अशी व्यसनाला पोषक तिन्ही कारणे येथे एकत्र येतात.

ग्रामीण भागातील अडचणी : मोताळा तालुक्याचे उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा हे बुलढाणा–मलकापूर रस्त्यावरील तालुक्याचे गाव आहे. विदर्भातील अशा कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीला या विकाराचा संशय आला, तर पुढची वाट सोपी नसते. देशात मानसोपचारतज्ज्ञांची संख्या दर लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी असून ते बहुतांशी शहरांत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात राबवला जातो. त्यानुसार सरकारी मानसोपचारासाठी जिल्हा रुग्णालय गाठायचे, म्हणजे मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. यांपैकी एकही बुलढाण्याच्या जवळ नाही.

दूरध्वनी किंवा चित्रफितीद्वारे सल्ला घेण्याची सोय अशा ठिकाणी मोठा आधार ठरते. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. परंतु मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूची ‘एक्स’मधील आणि एनडीपीएस कायद्याखालील औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. मेथिलफेनिडेट दोन्ही याद्यांत असल्याने रुग्णाला प्रत्येक चिठ्ठीसाठी डॉक्टरांसमोर जावे लागते. दुरुपयोग रोखण्यासाठी घातलेली ही अट योग्यच आहे. मात्र तिचा भार शहरातल्या रुग्णापेक्षा रोजंदारी बुडवून एसटीने जाणाऱ्यावर अधिक पडतो. काही जण त्यामुळे मध्येच औषध सोडतात. तारखा विसरणे आणि काम अर्धवट सोडणे ही ज्या विकाराची लक्षणे, त्याच विकाराच्या उपचाराला सर्वाधिक वक्तशीरपणा लागावा, ही यातील विसंगती आहे.

निदानासाठी बालपणीचा पुरावा लागतो. जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर उत्तम; नसतील तर आई, मोठे भाऊ-बहीण किंवा प्राथमिक शाळेतील शिक्षक यांच्या आठवणी उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली सहा प्रश्नांची स्वयंचाचणी प्राथमिक अंदाज देते. तेवढ्यावरून निदान करता येत नाही आणि औषध तर मुळीच सुरू करता येत नाही.

उपचार आणि दक्षता

उत्तेजक औषध सुरू करण्यापूर्वी नाडी, रक्तदाब, वजन, हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास आणि व्यसनांचा इतिहास पाहिला जातो. मात्रा कमीत कमी ठेवून हळूहळू वाढवली जाते. व्यसनाचा धोका असलेल्यांना सावकाश परिणाम करणाऱ्या गोळ्या किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन दिले जाते. अ‍ॅटोमॉक्सेटिनचे व्यसन लागत नाही. पण त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढा धीर न धरता ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ते सोडून देणारे पुष्कळ असतात. एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या देणे, उरलेल्या गोळ्या मोजणे, औषध घरातील जबाबदार व्यक्तीकडे कुलपात ठेवणे हे उपाय साधे असले तरी गैरवापर रोखण्यात उपयोगी ठरतात. भावंडाला परीक्षेपुरती एक गोळी देणे हाही कायद्याने आणि वैद्यकाने निषिद्ध गैरवापरच आहे.

औषधांच्या जोडीने बोधनात्मक वर्तनोपचार दिला जातो. त्यात कामाचे लहान तुकडे पाडणे, दृष्टीस पडेल अशा ठिकाणी यादी लावणे, मोबाइलवर गजर ठेवणे, पैशाचे व्यवहार विश्वासू व्यक्तीसोबत करणे अशी कौशल्ये शिकवली जातात. नियमित झोप आणि व्यायाम यांचाही उपयोग होतो.

व्यसन आणि अवधान-न्यूनता एकत्र असतील, तर आधी व्यसन सोडा मग पाहू, हा जुना दृष्टिकोन आता बदलत आहे. स्वीडनमधील २०१४ च्या एका चाचणीत तुरुंगातून सुटणाऱ्या, अ‍ॅम्फेटामीनचे व्यसन आणि हा विकार अशा दोन्ही असलेल्या पुरुषांना देखरेखीखाली मेथिलफेनिडेट दिले असता विकाराची लक्षणे आणि व्यसनाकडे परतण्याचे प्रमाण ही दोन्ही कमी झाली. महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, तसेच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थांनी मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या क्षेत्रांत दीर्घकाळ काम केले आहे. व्यसनमुक्तीविषयक माहितीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.